वाट्याला आलेला मंगोलिया

दिघोरे सर दोन बोटांनी टाइप करायचे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण माझं सगळं आयुष्य लोकांची दहा बोटं योग्य जागी ठेवण्यात गेलं आणि माझ्याच भिंतीपलीकडे बसून हा गृहस्थ रोज दोन बोटांनी पोरांना कॉम्प्युटर शिकवत होता.

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांच्या एका दुकानावर आमचा मजला होता. पुढच्या खोलीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट, मागच्या खोलीत सरांचा संगणक वर्ग, आणि मध्ये प्लायवुडची भिंत. भिंत नावालाच होती. खाली गिऱ्हाईक गुंडावर, म्हणजे पाण्याच्या पितळी घड्यावर, टिचकी मारून आवाज तपासायचं, तो टण्णकार आधी माझ्याकडे आणि मग सरांकडे पोचायचा. सरांचं शिकवणं उलट्या दिशेनं माझ्याकडे यायचं. मला जावास्क्रिप्ट येत नाही, पण मी ती कित्येक वर्षं ऐकलेली आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी मी कधीकधी त्यांच्या वर्गातले कंस मोजत बसायचे. उघडलेला कंस बंद करायला पोरगा विसरला की मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

ते शेजारी आले त्याच महिन्यात मी म्हटलं होतं, "सर, सकाळी अर्धा तास या. महिनाभरात हात बसवून देते."

सर म्हणाले, "नाही जी ताई. घाईनं टाइप केलं का चुकाही घाईनं होतेत."

माझ्या धंद्याबद्दल इतकं वाईट मला तोंडावर कोणीच बोललं नव्हतं. आणि ते अगदी नम्रपणे बोलले, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

सर मूळचे सानगडीचे. वडील तिथल्या तलावात मासे धरायचे. घराण्यात कॉम्प्युटरला हात लावणारे हे पहिलेच. पुण्याला कुठल्याशा मोठ्या कंपनीत नोकरीही करून आले होते. परत का आलात, असं सगळेच विचारायचे, आणि सर सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे: "तिथं सगळं आयतं होतं." ऐकणाऱ्याला वाटायचं, मग त्यात वाईट काय? सर पुढे समजावायच्या भानगडीत पडत नसत. पूर्ण बाहीचा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेलं, मे महिन्यातसुद्धा. चहा बशीत ओतून प्यायचा आणि बशी रिकामी झाल्यावर तिच्याकडे क्षणभर बघायचं, की अजून काही शिल्लक आहे का. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बाकीचे मात्र त्यांच्या वर्गात फार हसायचे, आणि सर त्यांच्याकडे, हे काय चाललंय, अशा चेहऱ्यानं बघत राहायचे.

'आयतं' हा त्यांच्या लेखी शिवीच्या जवळपास जाणारा शब्द होता. नवा पोरगा यायचा आणि सांगायचा, सर, नागपूरच्या क्लासमध्ये तयार चौकट देतात, चार ओळी लिहिल्या की आख्खी वेबसाइट उभी राहते. सर शांतपणे विचारायचे, "चौकट कोणी बनवली?" पोरगा म्हणायचा, माहीत नाही. "म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. उद्या बीळ पडलं का नागोबा उघड्यावर." आणि पोराला साध्या जावास्क्रिप्टच्या पहिल्या ओळीपाशी बसवायचे. प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवायची, ही त्यांची पद्धत. "नाव सापडलं तर दाखव. नाही सापडलं तर थांब म्हण. हं, आता लिव्ह." पलीकडून ऐकताना मला वाटायचं, सर कोणाला तरी निरोप सांगून पाठवत आहेत.

त्यांच्या वर्गात एकच गोष्ट बनवायला शिकवली जायची: 'देशमाहिती'. वर एक चौकोन, त्यात देशाचं नाव टाइप करायचं, की खाली त्या देशाचा झेंडा, राजधानी, लोकसंख्या, भाषा, चलन आणि शेजारी. बस. एवढ्याशा गोष्टीत सर सगळी जावास्क्रिप्ट बसवायचे. हे येतं त्याला सगळं येतं, असं त्यांचं मत होतं.

सुरुवातीला ही माहिती इंटरनेटवरच्या एका फुकट ठिकाणाहून आपोआप यायची. एक दिवस त्या ठिकाणानं आपला पत्ता बदलला. सकाळी पोरांनी वर्ग उघडला तर एकही देश येईना. फ्रान्स नाही, ब्राझील नाही, नेपाळसुद्धा नाही. मी पार्टिशनच्या दारातून डोकावले तर सर रिकाम्या पडद्यासमोर हाताची घडी घालून उभे होते.

"काय झालं, सर?"

"जग बुडालं," सर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आपलीच चूक. दुसऱ्याच्या तलावात जाळं टाकलं होतं."

त्या दिवसापासून सगळ्या देशांची माहिती वर्गातल्या पोरांनी स्वतः शोधून, पडताळून, हातानं लिहायची असं ठरलं. म्हणजे नेट गेलं तरी जग जागेवर राहणार. आता प्रश्न होता वाटणीचा. युरोप सगळ्यांना हवा होता, आफ्रिका कोणालाच नको होती. आणि इथे सरांनी सानगडीच्या तलावावरची रीत आणली.

त्या तलावावर मासळी काठावर आली की तिचे सारखे ढीग लावायचे. मग एक माणूस ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस एक नाव पुकारतो. ज्याचं नाव, त्याचा ढीग. कोणी कुरकुरायचं नाही, कारण पुकारणाऱ्याला काही दिसतच नाही. सरांनी वर्गात जगाचा नकाशा टांगला, स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि एका पोराच्या हातात पट्टी दिली. पट्टी देशावर पडायची, पोरगा ओरडायचा, "हा कोणाचा?" आणि सर भिंतीला सांगायचे, "वैशाली." "हा कोणाचा?" "रोशन." दरवर्षी उरलेल्या देशांसाठी नव्या पोरांचा हा कार्यक्रम व्हायचा. खालच्या दुकानातली माणसंसुद्धा काम सोडून जिन्यात उभी राहायची.

वैशालीच्या वाट्याला पाकिस्तान आला. दुसऱ्या दिवशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, बदलून द्या ना. काका घरी बोलून राहिले."

"काकाले म्हण, राजधानी लिवाची आहे, राहाले जाचं नाही."

व्हॅटिकन ज्याला मिळालं तो दोन दिवस पेढे वाटायच्या बेतात होता. देश एवढासा, काम एवढंसं. मग त्याच्या लक्षात आलं की रकाने सगळ्यांना सारखेच भरायचे होते. भारत मात्र वाटणीत नसायचा. तलावावर एक ढीग देवळाचा म्हणून आधीच बाजूला काढतात, तसा भारत बाजूला काढलेला असायचा आणि त्याचं काय ते सर स्वतः बघायचे.

वाटा मिळाला की तो जन्माचा. हजेरीसुद्धा देशाच्या नावानं. "पेरू?" "हाजर सर." "पोर्तुगाल?" "सर, तो पिठाच्या गिरणीवर गेला." पोरं शिकून, नोकऱ्या लागून पुण्या-हैदराबादला गेली, तरी देश सुटायचा नाही. कझाकस्तानवाला एकदा मीटिंगमधून उठून बाहेर आला आणि फोन केला, "सर, आमच्यावाल्यानं राजधानीचं नाव परत पहिलंच ठेवलं." क्रोएशियावालीनं कळवलं की चलन बदललं. स्वाझीलँड जिच्या वाट्याचं, तिचं लग्न होऊन आडनाव बदललं आणि त्याच सुमाराला तिच्या देशानंही स्वतःचं नाव बदललं. सरांनी दोन्ही दुरुस्त्या एकाच बैठकीत केल्या आणि मला म्हणाले, "आज दोघी सासरी गेल्या."

हे सगळं गमतीचं होतं तोवर मलाही गमतीचं वाटत होतं. मग प्रणालीचं प्रकरण झालं.

प्रणाली गिऱ्हेपुंजे कोंढ्याची. आधी माझ्याकडे टायपिंग केलं, परीक्षा पास झाली, मग पार्टिशन ओलांडून सरांकडे गेली. पवनीकडच्या बसनं यायची आणि बसच्या वेळेला उठून जायची. पहिल्या नंबरची नव्हती, शेवटच्याही नव्हती. अशी मुलगी कुठल्याही वर्गात असते आणि वर्ग संपल्यावर तिचं नाव आठवायला जरा वेळ लागतो. वाटणीच्या दिवशी पट्टी मंगोलियावर पडली आणि सर भिंतीला म्हणाले, "प्रणाली." ती नकाशाजवळ गेली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मोठा आहे, सर." सर म्हणाले, "हो." विषय संपला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, धान कापून चुरायला, म्हणजे मळणीला, खळ्यावर येतं, आणि वर्ग निम्मा रिकामा होतो. त्यात नवल नव्हतं. पण मंडई आटोपून सगळे परतले तरी प्रणाली आली नाही. तिच्या गावच्या एका मुलीकडून कळलं की तिचे वडील धानाच्या भाऱ्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरवरून पडले, पायाला प्लास्टर आहे, घरात दुसरं माणूस नाही. प्रणाली आता खळ्यावर होती. ती येणार नाही, असं त्या मुलीनं सांगितलं. कधीपर्यंत नाही, असं नाही. नाहीच.

सर रोज हजेरी घ्यायचे. "मंगोलिया?" मग थांबायचे. दाराकडे बघायचे. मग म्हणायचे, "मलेशिया?" पलीकडून मला ते थांबणं ऐकू यायचं. नंतर नंतर मी टायपिंगच्या पोरींना त्या वेळी जरा हात थांबवायला सांगू लागले. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

त्याच दिवसांत कझाकस्तानवाल्यानं नागपूरच्या एका कंपनीतले साहेब पाठवले. त्यांना शिकाऊ पोरं हवी होती, आणि सरांच्या वर्गातली चालतील असं त्याला वाटत होतं. वर्गात लग्नघरासारखी धावपळ झाली. रोशननं, म्हणजे जर्मनीनं, इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो घरचा एकटा कमावणारा होणार होता आणि हे त्यानं मला जिन्यात दोनदा सांगितलं होतं. साहेब आले. कोट घातलेले, घामाघूम. त्यांनी 'देशमाहिती' उघडली, एकेक नाव टाकून बघितलं. मग स्वतःच्या हातानं नेट बंद करून परत बघितलं. जग जागेवर होतं. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि पोरांनी एकमेकांचे हात दाबले.

मग साहेबांनी सगळे झेंडे एकत्र दिसतात ते पान उघडलं. रांगेनं झेंडे आणि मध्येच एक कोरा चौकोन. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. पडद्यावर आलं: 'थांबा, माहिती येऊन राहिली आहे.'

साहेब सज्जन होते. ते थांबले. चहा आला, तो प्यायले. तरी वाक्य तेच.

"नेट स्लो आहे का?"

"याले नेट लागत नाही जी," सर म्हणाले.

"मग काय येतंय?"

"प्रणाली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा द्यायच्या निमित्तानं तिथे होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

"कधी येणार ती?"

"धान चुरून झालं का."

साहेबांनी डोळे चोळले. म्हणाले, "सर, काम छान आहे. खरंच छान आहे. पण मी हे वर दाखवणार आणि त्यात भोक असणार, असं चालत नाही. सोमवारपर्यंत पूर्ण करून पाठवा. मग मुलांचं बघू." आणि गेले.

ते जिन्यावरून उतरतात न उतरतात तोच वर्गात कालवा झाला. सर, भरून टाका ना. सर, मी भरतो. सर, एक देश तर आहे. सर म्हणाले, "तो तिचा आहे." बस, एवढंच. दिवसभर पोरं काय काय बोलत राहिली आणि सर तेच तीन शब्द बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगोलिया भरलेला होता. झेंडा, राजधानी, सगळं. प्रत्येक देशाच्या पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव असायचं, तिथे 'प्रणाली गिऱ्हेपुंजे, कोंढा' असंही होतं. सरांनी मागचा कोड उघडला, दोन मिनिटं वाचला आणि रोशनकडे बघितलं. कोणाचं अक्षर आहे हे जसं कळतं, तसं सरांना कोणाच्या ओळी आहेत ते कळायचं. रोशन कंस नेहमी नव्या ओळीवर उघडायचा.

"जर्मनीनं दुसऱ्याच्या हद्दीत घुसाची सवय सोडली पाहिजे," सर म्हणाले आणि सगळं पुसून टाकलं.

कोणी हसलं नाही. रोशन उठून बाहेर गेला आणि जिन्यात बसला. त्याचा चेहरा बघून मला राहवलं नाही. वर्ग सुटल्यावर मी पार्टिशनच्या त्या बाजूला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांवर आवाज चढवला. म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे. माझी बोटं घ्या, पाच मिनिटांत करते. त्या एका पोरीपायी एवढ्या पोरांचं नुकसान करता? ती तर येणारही नाही!"

सरांनी बशी खाली ठेवली.

"ताई, मी लहान होतो तवा बाबूजी तापानं पडले. मासळी निघाली, ढीग लागले, आमचं नाव पुकारलं गेलं. घ्याले कोणीच नाही. ढीग पडून राहिला. लोकं म्हणे, नासून जाईल, वाटून घेऊ. एक म्हातारा होता, तेनं हात लावू नाही दिला. संध्याकाळी टोपल्यात भरून घरी आणून दिला. अर्धा नासला होता."

"मग काय उपयोग?"

"पुढच्या बारीले आमचं नाव पुकारलं गेलं. जेचा वाटा दुसऱ्यानं खाल्ला, तेचं नाव मंग कोणी पुकारत नाही जी. मुद्दाम नाही. विसरतेत."

मला पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. रोशन जिन्यात बसला होता ते मला दिसत होतं, आणि तेव्हा मासळीच्या ढिगाची गोष्ट ऐकायला मी काही लहान मूल नव्हते. पण सरांचा आवाज त्या वेळी नेहमीसारखा सपाट राहिला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "मग तुमच्या म्हाताऱ्यानं केलं ते करा. टोपलं उचला आणि तिच्या घरी नेऊन द्या."

सर माझ्याकडे बघत राहिले. हे त्यांच्या डोक्यात कसं आलं नाही याचा त्यांना राग आला असावा. कोणाचा, माझा की स्वतःचा, ते कळलं नाही.

रविवारी आम्ही पवनीच्या बसनं कोंढ्याला गेलो. मी गेले, कारण अनोळखी घरी तरुण मुलीला भेटायला सरांनी एकट्यानं जाणं बरं दिसलं नसतं. सरांनी वाटभर लॅपटॉप पोटाशी धरला होता. कंडक्टरनं वर फळीवर ठेवायला सांगितलं तर म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू आहे."

प्रणालीचे वडील अंगणात बाजेवर होते, प्लास्टरचा पाय उशीवर. प्रणाली खळ्यावर गेली होती, शेजारच्या बाईनं तिला हाक मारायला कोणाला तरी धाडलं. आम्ही बसलो. पाणी आलं. वडील सरांकडे संशयानं बघत होते.

"पोरगी आता नाही येत जी क्लासले. मी सांगून ठेवतो."

"न्याले नाही आलो," सर म्हणाले. "तिचा वाटा राहिला होता, द्याले आलो."

"कायचा वाटा?"

"मंगोलिया."

"ते का होय?"

"देश आहे. वाटणीत तिच्या नावावर निघाला."

वडील थोडे उठून बसले. वाटणी म्हटल्यावर माणूस उठून बसतोच.

"किती एकर?"

मला वाटलं, आता सर अडखळतील. सरांनी वर बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाले, "साडेअडतीस कोटीच्या आसपास."

"बाप्पा! आन माणसं?"

"पस्तीस लाख."

"एवढ्या जागेत? मंग रोवणी कोन करते?"

"धान होत नाही तिथं. गवत होते. घोडे, मेंढ्या."

"पानी?"

"कमी. समुद्र लागत नाही."

"समुद्र तं आपल्या कोंढ्यालेबी नाही लागत." वडिलांनी विचार केला. "धुऱ्याले कोन कोन आहे?"

"वरतून रशिया. खालतून चीन."

धुऱ्यावर, म्हणजे बांधापलीकडे, शेजारी कसा आहे यावर शेताचं सगळं अवलंबून असतं, हे वडिलांना कोणी सांगायला नको होतं. म्हणाले, "धुरा कठीण आहे जी."

"आहे," सर म्हणाले.

"मंग असा कायले घेतला?"

"घेतला नाही. वाट्याले आला."

"हाव जी," वडील हळूच म्हणाले. "वाट्याले आलं ते सोडताबी येत नाही."

तेवढ्यात प्रणाली आली. केसांत धानाचा भुसा, ओढणी कमरेला खोचलेली. सरांना बघून दारातच थबकली. आधी तिला वाटलं की रागवायला आलेत. मग लॅपटॉप दिसला आणि तिला समजलं. ती आत जाऊन हात धुऊन आली, सारवलेल्या अंगणात मांडी घालून बसली आणि तिनं दहाच्या दहा बोटं जागेवर ठेवली. हे मी अभिमानानं सांगते आहे. सर तिच्या मागे उभे राहिले. एका ठिकाणी ती अर्धविराम विसरली. मला सरांच्या चेहऱ्यावरून कळलं, पण त्यांनी ते सांगितलं नाही. तिचं तिलाच सापडलं. राजधानी उलानबातर, चलन तुगरिक. तिनं सगळं कधीच शोधून ठेवलं होतं, तिच्या मोबाइलमध्ये होतं. फक्त लिहायचं राहिलं होतं.

झेंडा आला. लाल, निळा, लाल, आणि डाव्या बाजूला सोनेरी खूण. ती लॅपटॉप उचलून वडिलांकडे घेऊन गेली. त्यांनी मान मागे नेऊन, डोळे बारीक करून वाचायला सुरुवात केली. वरून खाली, एकेक अक्षर. शेवटी तळाशी पोचले. "प्रणाली... गिऱ्हेपुंजे... कोंढा." मग परत, "कोंढा." मग म्हणाले, "हे कोनाले दिसन?"

"जो नाव टाकेल तेले," सर म्हणाले.

आम्ही निघालो. सरांनी तिला वर्गात ये म्हटलं नाही. मी त्यांना कोपरानं ढोसलं तरी म्हटलं नाही. बसमध्ये मी चिडून विचारलं तर म्हणाले, "वाटा पोचवला. आता तेचं ते पाहातेत."

सोमवारी काम नागपूरला गेलं. साहेबांनी पाच पोरं घेतली, त्यात रोशन होता. प्रणाली त्यांच्यासमोर आलीच नव्हती, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता. रोशन जाताना सरांच्या पाया पडला, पण बोलला नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं. हजेरी रोजची चालू राहिली. "मंगोलिया?" आणि ते थांबणं. मला ते आता सहन होईना. मी त्या वेळी रेडिओ लावू लागले.

असे बरेच दिवस गेले. थंडी पडली. एका दुपारी सरांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की प्लायवुडमधून मलाही ऐकू आला.

"सर, मी प्रणालीचा बाप बोलून राहिलो! टीव्हीवर सांगून राहिले, मंगोलियात लय बर्फ पडला! जनावरं मरून राहिली म्हनते! खरं काय जी?"

"पाहातो," सर म्हणाले.

"आन एवढं होऊन राहिलं तं पोरगी इथं बसून का करते? चुरणं झालं आमचं. काठी घेऊन चालतो मी आता. धाडतो तिले. तिच्या वाट्यात असं झालं, तं पाहाले नको कोनी?"

मग पलीकडून तीनदा हॅलो हॅलो झालं. मी उठून दारात गेले. सर फोन कानाला लावून उभे होते आणि रडत होते. चेहरा नेहमीसारखाच, फक्त गालांवरून पाणी येत होतं. मला बघून त्यांनी ते लपवलंही नाही. फोनमध्ये म्हणाले, "धाडा जी. धाडा."

प्रणालीनं पुढे वर्ग पूर्ण केला आणि पुढच्या वर्षी तिलाही नागपूरला काम मिळालं, पण ते मी ऐकलेलं. उन्हाळ्यात मी इन्स्टिट्यूट बंद करून मुलीकडे राहायला गेले, आणि त्याआधीचे काही महिने सर मला रोजच दिसले असतील. तरी त्यांची आठवण काढली की मला एकच सकाळ दिसते. फोननंतरच्या बाजाराच्या दिवशी वडील स्वतः तिला सोडायला आले. ऑटोतून उतरले, काखेत काठी, बरोबर नव्या चिन्नोर तांदळानं भरलेली चुंगडी. जिना चढणं त्यांना जमणार नव्हतं. प्रणाली वर गेली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली, आणि सर लॅपटॉप घेऊन खाली उतरले.

मी वरच्या कठड्यावरून बघत होते. दुकानाच्या पायरीवर, गुंड-घागरींच्या मध्ये ते दोघं शेजारी शेजारी बसले. वडिलांनी आधी झेंडा परत बघितला. मग तळाचं नाव परत वाचलं. मग विचारलं, "बर्फ कमी झाला का जी?"

'देशमाहिती'त बर्फ नव्हता. राजधानी होती, चलन होतं, धुऱ्यावरचे दोघं होते. बर्फासाठी कोणी रकानाच केला नव्हता. सरांनी नेट जोडलं आणि दोन बोटांनी शोधायला सुरुवात केली. वडील पडद्यावर वाकून बसले होते, वर आख्खा वर्ग खोळंबला होता, आणि सरांना अजिबात घाई नव्हती.